नाल्यावर भंगारातून ट्रॅक्टर-बंडीचा पूल: पैसा कुठं वाचवायचा अन् कुठं नाही

वावर नाल्याच्या पलीकडं असलं की पावसाळ्यात काय हाल होतात ते कास्तकाराला सांगायची गरज नाही. नागपूर जिल्ह्यात काटोल-कळमेश्वरकडं तर आंबिया बहाराचा संत्रा उतरायला लागतो तेव्हा नाल्यात पाणी असतंच, ट्रॉली पलीकडं अन् व्यापाऱ्याची गाडी अलीकडं, मग क्रेट डोक्यावर आणायचे. मौदा-कुहीकडच्या धानवाल्यांचंही तसंच. सरकारी पांदन रस्त्याची योजना आहे, २०२१ मध्ये मातोश्री नावानं सुरू झाली, त्यात नंबर लागला तर उत्तमच, पण नंबर लागेपर्यंत वावर काय सोडून द्यायचं?

तर हे लिहितोय ते पाच मीटरच्या आसपासच्या नाल्यासाठी, म्हणजे सोळा-सतरा फूट. त्याच्यावर जायचं असेल, नाला मोठा असेल तर इथंच थांबा अन् इंजिनिअर धरा. सहा मीटरपर्यंत सरकारी भाषेत कल्व्हर्ट, त्यावर गेलं की पूल, तिथून पुढं अंदाजपंचे चालत नाही.

पहिले एक गोष्ट डोक्यात पक्की करा. शेतातला पूल वरून क्वचितच मोडतो, तो काठावरून जातो. लोकं गर्डर जाड घेतात, वर चेकर प्लेट, म्हणजे उंचवट्याचा जाड लोखंडी पत्रा, टाकतात, फोटो काढतात, अन् खाली काळ्या मातीत चार गोटे रचून त्यावर ठेवून देतात. पहिल्याच मोठ्या पुरात पाणी टेकूच्या, म्हणजे काठावर गर्डर ज्यावर टेकतो त्या आधाराच्या, मागून शिरतं, माती नेते, गर्डर चांगलाच्या चांगला नाल्यात आडवा. म्हणून भंगार वापरायचं ते वरच्या भागात. खालच्या भागात सिमेंट, सळई, दगड नवीन अन् चांगलं, तिथं कंजूषी नको.

आधी पाणी मोजा

नाल्याला किती जागा द्यायची याचा हिशोब सोपा आहे, पण कोणी करत नाही. तुमच्या जागेपर्यंत किती रानाचं पाणी येतं ते बघा, मोबाईलवर नकाशा काढून वरचा उतार मोजला तरी जमतं. समजा १०० हेक्टर, म्हणजे जवळजवळ अडीचशे एकर. तासाला ६० मिमी पाऊस धरा. जास्त वाटतो? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच १०० मिमीच्या वर पडला, अंबाझरी ओसंडला अन् नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात गेलं. त्यामुळं ६० काही फार नाही. आता काळी माती एकदा भिजली की पुढचं पाणी पित नाही, निम्मं तरी वाहून येणार. हेक्टर गुणिले मिमी गुणिले ०.५, भागिले ३६०. म्हणजे १०० × ६० × ०.५ ÷ ३६० = ८.३ घनमीटर दर सेकंदाला. नाल्यात पाणी सेकंदाला २ मीटरनं धावतं असं धरलं तर मोकळी जागा लागते जवळपास सव्वाचार चौरस मीटर.

आता हे पाइपाशी लावून बघा. ९०० मिमीच्या सिमेंट पाइपाचं तोंड ०.६४ चौरस मीटर. म्हणजे सात पाइप लागतील. अन् आपल्याकडं काय करतात, दोन पाइप टाकतात, वरून मुरूम, झाला रपटा! मग दर साली तो रपटा वाहून जातो अन् दर साली मुरमाच्या ट्रॉल्या पडतात. पाइपाच्या तोंडाशी पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, बेशरमाचे झाड अडकले की ते दोन पाइपही अर्धेच राहतात. दोन टेकूंच्या मध्ये पाच मीटरचा मोकळा गाळा असला तर एक मीटरपेक्षा कमी खोलीतच ते सगळं पाणी निघून जातं. गर्डरचा तळ पुराच्या पाण्यापेक्षा दोन फूट तरी वर ठेवा, कारण पुरासोबत लाकडं येतात. पुराची खूण काठावरच्या झाडांना अडकलेल्या कचऱ्यावरून कळते, नाहीतर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याला बरोब्बर ठाऊक असतं.

जागा सरळ वाहणाऱ्या भागात निवडा. वळणावर बाहेरचा काठ सतत खचतो. अन् जिथं नाला आपसूक अरुंद झालाय, दोन्ही काठ घट्ट मुरमाचे आहेत, ती जागा सोडू नका, मग त्यासाठी शंभर मीटर फेरा पडला तरी चालेल.

कागद

दोन्ही बाजूला तुमचंच वावर असलं तरी नाला तुमचा नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणं नदी-नाले सरकारच्या मालकीचे. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या अन् तहसीलदाराकडं अर्ज द्या, शेजाऱ्याची सही सोबत असली तर बरं. खालच्या शेजाऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाणी वळलं तर भांडण ठरलेलं, म्हणून त्याला आधीच जागेवर आणून दाखवा. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूचं वावर असेल, नाहीतर सातबाऱ्यावर झुडपी जंगल लिहिलेलं असेल, तर वनखात्याला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका.

भंगारात काय घ्यायचं, काय नाही

नागपूरकडं भंगाराची कमी नाही. हिंगणा अन् बुटीबोरी एमआयडीसीतले जुने शेड उतरतात, वाडीकडं ट्रकचं भंगार, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रातून अन् कोळसा खाणीतून लिलावात निघालेला माल फिरत फिरत कबाड्याकडं येतो. घाई करू नका. हिवाळ्यापासून चक्कर मारत राहा, मे महिन्यात गरज पडली की कबाडी तोंड बघून भाव सांगतो.

सगळ्यात बेस्ट म्हणजे जुन्या शेडचा आय गर्डर. २५० मिमी उंचीचा, म्हणजे आयएसएमबी २५०, वजन मीटरला ३७.३ किलो. सहा मीटरचे चार नग लागतात, दोन एका चाकाखाली, दोन दुसऱ्या चाकाखाली. एकूण वजन नऊ क्विंटलच्या आसपास, त्याला त्या दिवसाच्या भावानं गुणा म्हणजे बजेट कळलं. लक्षात ठेवा, वितळवायच्या भंगाराचा भाव वेगळा अन् "वापरता येईल" अशा मालाचा वेगळा, दुसरा जास्तच असतो, पण नव्यापेक्षा कमी.

पाच मीटरच्या गाळ्यावर २५० च का, २०० का नाही? भरलेल्या दोनचाकी ट्रॉलीच्या धुरीवर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आसावर, पाच टन धरा, म्हणजे एका चाकावर अडीच टन. चाक बरोब्बर मध्ये आलं अन् खड्ड्यात आदळल्यासारखा धक्का बसला तर जो ताण येतो तो २०० च्या दोन गर्डरवर कागदावर बसतो. पण भंगाराचा गर्डर आहे भाऊ, गंजून किती पातळ झाला कोणाला माहीत, अन् चाक काही दरवेळी दोघांच्या मधोमध चालणार नाही. २५० चा एकटा गर्डरही तो भार घेऊन जातो, दुसरा आहे तो भरवशासाठी.

घेताना हातोडी, टेप अन् जाडी मोजायचं व्हर्निअर न्या. गंज हातोडीनं झाडून मग जाडी मोजा. २५० च्या गर्डरची वरची-खालची आडवी पट्टी मुळात १२.५ मिमी जाड अन् १२५ मिमी रुंद असते, ती १० च्या खाली आली असेल तर सोडा. खालच्या पट्टीला मधल्या भागात भोकं किंवा गॅस कटरची खाच असेल तर सोडा, टोकाकडं असली तर चालेल. बाजूला वाकलेला घेऊ नका, सरळ करून देतो म्हणाला तरी नको. अन् तीन-तीन मीटरचे दोन तुकडे मधोमध वेल्डिंग मारून जोडायचे, हे तर बिलकुलच नाही, सगळ्यात जास्त ताण तिथंच येतो अन् आपला वेल्डर गेट-ग्रिल बनवणारा असतो.

दुसरा पर्याय ट्रकचं चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा. हा आपल्याकडं बराच चालतो अन् चांगला आहे. चेसिसची रुंदी पावणेतीन फुटाच्या आसपास, म्हणून दोन चेसिस शेजारी शेजारी ठेवायचे, एकेका चाकाखाली एकेक, आडव्या पट्ट्या त्याला आधीच असतात. स्प्रिंगचे ब्रॅकेट जिथं लागतात तिथं अन् रिव्हेटच्या भोकांपाशी बारीक चिरा असतात, डिझेलनं पुसून उन्हात नीट बघा. अपघाताच्या गाडीचं चेसिस नको. चेसिस नंबरचा तुकडा कापून आरटीओत जमा झालाय अन् नोंदणी रद्द झालीय याचा कागद मागा, नाहीतर चोरीची गाडी तुमच्या नाल्यावर निघायची.

रूळ बहुतेकांच्या डोक्यात येतोच, त्यात नागपूर-छिंदवाडा अन् नागपूर-नागभीडची छोटी लाइन बंद झाली तेव्हापासून तर जास्तच. पण बिलाशिवाय रूळ घरात सापडला तर रेल्वे मालमत्तेच्या कायद्याखाली सरळ गुन्हा. अन् बिलासकट मिळाला तरी मी घेणार नाही. ५२ किलोचा रूळ ३७ किलोच्या गर्डरपेक्षा दुपटीनं लवतो, कारण त्याची उंची कमी, वर वजन जास्त म्हणजे पैसेही जास्त, अन् रुळाच्या लोखंडाला साधी वेल्डिंग धरत नाही, तडकते.

वादळात पडलेले सिमेंटचे विजेचे पोल तर हात लावू नका. एक तर ते महावितरणचे, अन् दुसरं म्हणजे ते तारा अन् वाऱ्याचा ताण सोसायला बनवलेले असतात, ट्रॉलीचं चाक सोसायला नाही. तडकलेल्या पोलात आतल्या ताणलेल्या तारेला गंज लागतो, बाहेरून काही कळत नाही, अन् मोडतो तेव्हा एकदम मोडतो.

फळीसाठी तीन इंच जाड लाकूड. महाल-इतवारीतले जुने वाडे पडतात तिथलं सागवान मिळतं, पण राजेहो, ते फर्निचरवाल्याला विका अन् त्या पैशात साजा किंवा बाभळीचे फाटे घ्या, पुलाला सागवान लागत नाही. रेल्वेचे सिमेंटचे स्लीपर काही जण टाकतात, एकेक पावणेतीन क्विंटलच्या वर भरतो, पुलाचं स्वतःचंच वजन पाच-सहा टन होऊन बसतं. मजबूत आहे, पण गर्डर २५० चाच असला तर मग भरवशाचं मार्जिन त्यातच संपलं.

अन् एक गोष्ट नक्की आणा, कोळशाच्या कन्व्हेयरचा जुना रबरी पट्टा. तो भंगारात मिळतो अन् इथं सोन्याच्या मोलाचा आहे. गर्डरच्या वरच्या पट्टीवर त्याची पट्टी कापून ठेवायची, त्यावर फळी. लाकडाला अन् लोखंडाला पाणी साचून जी सड लागते ती थांबते, खडखडाटही कमी. गर्डर जिथं टेकतो तिथंही त्याचेच दोन थर.

टेकू

काम एप्रिलमध्ये सुरू करा. मेच्या उन्हात काँक्रीट फार लवकर सुकतं अन् तडे जातात, ओतलंच तर संध्याकाळी ओता अन् ओल्या पोत्यांनी झाकून दहा दिवस तरी पाणी मारा. जूनच्या मध्यापर्यंत पाऊस विदर्भात येतो, तोवर काठाची पिचिंग, म्हणजे दगड लावणंसुद्धा, झाली पाहिजे.

काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर काहीही बसवलं तरी वर-खाली होणारच. म्हणून ती पूर्ण काढायची, कडक मुरूम लागेपर्यंत, अन् नाल्याच्या तळापेक्षा चार फूट तरी खाली. मुरूम नाहीच लागला तर अजून दोन फूट काढून कडक मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात पाणी मारून ठोकत भरा.

त्यावर जाळीच्या पेटीतले दगड, म्हणजे गॅबियन. खालची रांग दीड मीटर रुंद, वरची एक मीटर, मागच्या बाजूनं कललेली. कुंपणाची पातळ चेनलिंक जाळी चालत नाही, गॅबियनची तयार जाळी नवीनच घ्या. दगड काळा अन् जाळीच्या भोकापेक्षा मोठा, हातानं रचायचा, ट्रॉली उलटून भरायचा नाही. नागपूरच्या पश्चिमेला काळा दगड भरपूर, पूर्वेला थोडा लांबून आणावा लागेल. पेटीच्या मागं आधी बारीक गिट्टी, मग रेती, मग माती, असा थर नसेल तर दगडाच्या फटीतून माती हळूहळू धुऊन जाते अन् रस्त्यात अचानक भोक पडतं. मागं सिमेंट-विटांचा मलबा भरू नका, वीट भिजून भुगा होते. राख तर नकोच. काँक्रीटचे मोठे तुकडे मात्र पायथ्याशी टाकायला उत्तम.

गॅबियनच्या वर काँक्रीटची पट्टी, तीन मीटर लांब, दोन फूट रुंद, एक फूट जाड, वर चार अन् खाली चार १२ मिमीच्या सळया, सिमेंट-रेती-गिट्टीचं प्रमाण १:१.५:३. दोन्ही बाजू मिळून साधारण नऊ बॅगा सिमेंट जातं. ओतताना बोल्ट आत बसवून ठेवा, गर्डर त्यांनाच आवळायचा. गर्डर प्रत्येक टोकाला दीड फूट टेकला पाहिजे, सहा मीटरच्या गर्डरमध्ये पाच मीटरचा गाळा तसाच निघतो.

टेकूच्या पुढं नाल्याच्या तळात पाच फूट रुंद मोठ्या दगडांचा पट्टा पसरा. तळ खरवडला गेला तर हे दगड घसरून खड्ड्यात बसतात अन् टेकूचा पाया उघडा पडत नाही. वर अन् खाली दोन्हीकडं काठालाही दगड लावा, दहा-बारा फुटांपर्यंत.

वरचं काम

एका गर्डरचं वजन सव्वादोन क्विंटल, चेनपुली असली तर चार माणसांत बसतो. जेसीबी तासाभरासाठी बोलावला तर खोदकामाच्या दिवशीच बोलवा, परत फेरा नको. एका चाकाखालचे दोन गर्डर सोळा इंच अंतरावर, अन् सगळ्यात बाहेरच्या दोन गर्डरमधलं अंतर सव्वासहा फूट. चारही गर्डर दोन्ही टोकांना अन् मध्ये ५० च्या अँगलनं तिरपे बांधा. हे बांधणं लोकं टाळतात, पण सुटा गर्डर भार आला की बाजूला कलंडतो, मोडत नाही, कलंडतो. अँगलचं वेल्डिंग गर्डरच्या उभ्या पत्र्याला करा, खालच्या पट्टीला करू नका. गंज घासून रेड ऑक्साइड, त्यावर पेंट, अन् टोकं जिथं काँक्रीटवर बसतात तिथं आधीच डांबर फासा, नंतर तिथं ब्रश जात नाही.

फळ्या नऊ फुटांच्या, आडव्या, मध्ये बोटभर फट. गर्डरला खिळा मारता येत नाही म्हणून हूक बोल्ट. फळीवर चाकाच्या वाटेवर चेकर प्लेटचे तुकडे मिळाले तर बरं, ओल्या लाकडावर टायर घसरतो. दोन्ही बाजूला जाड लाकडाचा कठडा असा लावा की मध्ये साडेसात फूट मोकळे राहतील, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा मध्य बाहेरच्या गर्डरच्या फारसा पलीकडं जाऊ शकत नाही. बंडीसाठी पहिले काही दिवस फळीवर तणीस अन् माती पसरून ठेवा, फटीतून खाली पाणी दिसलं की बैल थबकतो अन् मग मारून-मुटकून तो जन्मात पुलावर चढत नाही.

रस्ता पुलाकडं हळू चढता ठेवा, अन् एका बाजूचा रस्ता पुलापासून वीस-पंचवीस फुटांवर मुद्दाम फूटभर खोलगट, दगड बसवून. हिशोबापेक्षा मोठा पूर आला तर पाणी तिथून निघेल, रस्ता थोडा खराब होईल, पूल राहील.

टेस्ट

ट्रॉली आधी अर्धी, मग पूर्ण भरून. गर्डरच्या खाली टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणा अन् ट्रॉली मध्ये उभी करून गर्डर किती लवला ते मोजा. ड्रायव्हर सोडून पुलावर कोणी नको, अन् भार असताना खाली तर कोणीच नको, आधी अन् नंतर मोजायचं, मधलं माप बाजूनं काठीवर खूण करून घ्यायचं. ३ ते ६ मिमी ठीक. ८ च्या वर गेला किंवा ट्रॉली उतरल्यावर पूर्ण वर आला नाही, तर तो गर्डर काढा, नाहीतर मध्ये अजून एक टाका.

दरवर्षी मे महिन्यात बोल्ट आवळायचे, फळ्या टोचून बघायच्या, पुरानंतर सगळ्यात आधी टेकूचा पायथा बघायचा, वरचं नंतर. एका पाटीवर "५ टन धुरी, एकावेळी एकच गाडी" असं मोठ्या अक्षरात रंगवा. पंजाबातून सोयाबीन-धानाला येतात ते हार्वेस्टर या पुलाचे नाहीत, त्यांचं वजन एकट्या पुढच्या धुरीवरच जास्त येतं अन् रुंदीतही बसत नाहीत. ड्रायव्हर म्हणेल "हो जायेगा", त्याला लांबच्या रस्त्यानंच पाठवा, डिझेलचे पैसे द्यावे लागले तरी.